वरच्या गणिताचा चहा

आप्पा, तुमची पुतणी परवा तासगावला माझ्याकडे आली होती. साताऱ्याच्या शाळेतून गणिताच्या बाई म्हणून निवृत्त झाली त्याला किती वर्षं लोटली, पण बोलणं अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. माझी नात यंदा अकरावीला जायची आहे. तिनं कुठले विषय घ्यावेत, सोपे की अवघड, यावर घरात खल चालला होता. तर ही तुमची पुतणी मध्येच म्हणाली, "मला आप्पांनी वरच्या गणिताला घातलं म्हणून मी उभी राहिले." आणि डोळ्यांना पदर लावला. मी बेदाणे निवडत बसले होते. मान वर केली नाही. तुमचं नाव तिच्या तोंडी आलं की आजही माझा जळफळाट होतो, आप्पा. नातवंडांची आजी झाले तरी होतो.

कारण ती सांगते तसं झालंच नव्हतं. मी, तुमची सख्खी लेक, तिथं होते. कोयनेच्या भूकंपाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. तुम्ही पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आला होता, सांगलीत हळदीच्या वखारीवर राखणीला होता, आणि वखारीमागच्या खोलीत आपण राहत होतो. काका लढाईवरून परत आले नाहीत, म्हणून काकूंनी त्यांची लेक शिकायला आपल्याकडे पाठवलेली. आम्ही दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या, आणि सातवीला मार्कही सारखेच. आठवीत गेल्यावर गणिताचे दोन वर्ग होते. वरचं, म्हणजे बीजगणित आणि भूमिती. खालचं, म्हणजे नुसते हिशेब. मोठ्या बाईंनी तुम्हाला शाळेत बोलावलं. तुम्ही इस्त्रीची खाकी घालून खुर्चीच्या कडेवर बसलात, आम्ही दोघी दाराशी उभ्या.

"दोघी हुशार आहेत," बाई म्हणाल्या. "दोघींनाही वरचं झेपेल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आवं बाई, आमच्या पलटनीत आगुदर शिक्षनाची थर्ड परीक्षा पास व्हावं लागतंय, मग सेकंड, मग फर्स्ट. एकदम वर चढवलं की मानूस पडतंय. हिला खालच्यात घाला. पाया घट्ट झाला की फुडल्या साली जाईल वर."

"आणि ही?"

"ती माझ्या भावाची लेक हाय. तिचं तुमीच ठरवा. माझं काय चुकलं तर वैनीला काय तोंड दाखवू?"

एवढंच. बाईंनी तिला वरच्यात घातलं. तुम्ही सही केलीत आणि येताना आम्हा दोघींना भडंग घेऊन दिलंत. मी खूश होते, आप्पा. मला वाटलं, माझा पाया घट्ट होणार.

मग ते वर्ष सुरू झालं. तिला भूमिती, म्हणून तिला कंपासपेटी आली. मला भूमिती नाही, म्हणून मला रिबिनी. तिचा अभ्यास अवघड, म्हणून तुम्ही पहाटे उठून, आईला न उठवता, स्वतःच्या हातानं चूल पेटवायचा, पलटणीतल्या पांढऱ्या मगात तिला चहा द्यायचा. "ऊठ बाळा, च्या झालाय." मी शेजारच्या अंथरुणात जागीच असे. मला माझे हिशेब उजाडल्यावरही येत होते, त्यामुळे मला कुणी उठवत नसे. चुलीचा धूर, हळदीचा वास, तिच्या वहीवर कंपास फिरल्याचा बारीक आवाज, आणि तुम्ही तिच्याजवळ पाटावर बसलेले, त्यातलं एक अक्षर कळत नसताना. गावाकडून पत्र आलं तरी तुम्ही ते तिच्याच हातात द्यायचा. "वाच गं, तुजं वाचनं साफ हाय." माझं काय खडबडीत होतं? मी एकदा तसं विचारलंही. तुम्ही खेकसलात, "बापावर डोळं वटारतीस व्हय गं?" आणि पत्र तिनंच वाचलं.

जून आला. मी खालच्या गणितात पहिली आले होते. तुम्ही पुन्हा तीच खाकी घातलीत, या वेळी बिल्लेसुद्धा लावलेत, आणि मला घेऊन शाळेत आलात, माझी बढती मागायला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हवालदार, असं नसतं हो. खालच्यातून वर जाता येत नाही. हिला आता मॅट्रिकपर्यंत हेच गणित. सायन्सला नाही जाता यायचं."

तुम्ही उठून उभे राहिलात, पलटणीत राहता तसे ताठ. "पन ही पास झालीया, बाई. पैली आलीया."

"म्हणून तर वाईट वाटतं," बाई म्हणाल्या.

परत येताना तुम्ही कृष्णेच्या घाटावर थांबलात, तोंड धुतलंत, पुन्हा पुन्हा धुतलंत. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "लय ऊन हाय. चल." त्यानंतर तुम्ही माझ्या नजरेला नजर दिली नाहीत. जे काही होतं ते सगळं तिच्यावर ओतलंत, माझ्या वाट्याचंसुद्धा. तुम्हाला माझी नाही, स्वतःची लाज वाटत होती, हे आता मला समजतं. तेव्हा समजत नव्हतं, आणि समजूनही काय केलं असतं? मला तुमचा पश्चात्ताप नको होता. मला पहाटेचा चहा हवा होता.

मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन इथं बागायतीत पडले. बरं झालं माझं, तक्रार नाही. द्राक्षं आहेत, बेदाण्याची शेड आहे, मुलं मार्गी लागली. तरीही ती कॉलेजातून सुट्टीला आली की तुम्ही स्टँडवर आधीच जाऊन उभे राहायचा, ते मला दिसत राहतं. मी बाळंतपणाला आले तेव्हा घ्यायला आईला पाठवलं होतंत.

परवा तिला सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. सांगावं, की बाई गं, तुझ्यासाठी आप्पांनी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवलं ते फक्त माझ्यासाठी, आणि जीव लावून ठरवलं. नाही सांगितलं. दया आली म्हणून नव्हे. तुमच्यापाशी माझं असं तेवढंच आहे, तेही तिला कशाला देऊ?

हे लिहून झाल्यावर मी घडी घालून पाकीटही शोधलं, वेड्यासारखं. मग हात थांबला. तुम्ही हे जग सोडून गेलात, आता कुठं आहात हे माहीत नाही म्हणून नव्हे. माहीत असतं, पोचण्याची सोय असती, तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही ते फोडलं असतंत, उलटसुलट करून बघितलं असतंत, आणि हाक मारून तिच्याच हातात दिलं असतंत.