शेणव्याची एक उमेदवारी

१२ जाने.
आमच्या शेणवे गावातून पंचायत समितीची उमेदवारी एक, इच्छुक दोन : माझा पुतण्या बबन आणि माजी सरपंच वंदनाताई. पक्षाचे तालुकाध्यक्ष सकाळी आले. निवाडा मी करावा म्हणाले. मी नात्याचा दोष दाखवला. कळले की माझे नाव वंदनाताईंनीच सुचवले. एकमत न झाल्यास उमेदवारी शहापुरातल्या तिसऱ्याला.

१३ जाने.
मेक्सिकोविषयी वाचले. तिथल्या एका पक्षात इच्छुकांपैकी कोण उभा राहणार, हे घरोघरच्या पाहणीवर ठरते. (हरणारे तरीही भांडतात.) पद्धत पटली, मत माझे नको, गावाचे हवे. दोघांनीही मान्य केली.

१५ जाने.
स्वतः घरोघर फिरलो. सर्वत्र चहा, सर्वत्र बबन. शेजारच्या धोंडूने प्रश्न पुरा होऊ दिला नाही : "अण्णा, पोरगा तुमचाच ना? मग इचारता कशाला?"
उत्तर बबनमुळे आले की विचारणाऱ्यामुळे, हे वेगळे करता येत नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, सदोष; तेव्हा अनुमान टिकत नाही.

१६ जाने.
पाहणी रद्द केल्याचे दोघांना सांगितले.
बबन : "म्हंजे काका, मी जिकलो की खेळ रद्द?"
वंदनाताई : "रडू नको रे बबन्या. तू माझ्या घरी इचारायला आलास तर माझी सासू पन तुझंच नाव घेल. दारात आलेल्याला नाय कोन म्हनतो?"
बबनलाही हसू आवरले नाही. ठरले : वैशाखरे गावचा माझा जुना विद्यार्थी विचारणार. इथे त्याला कोणी ओळखत नाही.

१८ जाने.
विद्यार्थी दिवसभर फिरून आला. प्रत्येक उंबऱ्यावर आधी पाणी, मग "कोनाकडले पावने?" त्याने खरे ते सांगितले : अण्णांकडचा. पुढे पुन्हा सर्वत्र बबन. हा प्रश्न विचारल्यावाचून इथे कोणी परक्याशी बोलत नाही. आयुष्य इथे काढूनही मी तो गृहीत धरला नाही.
निराळे उत्तर एकच. मुरबाडकडून नुकतीच नांदायला आलेली एक सून. अण्णा कोण, तिला ठाऊक नव्हते. म्हणाली, वंदनाताई. का? "त्या मला नावानं हाक मारतात."

१९ जाने.
अध्यक्षांना दुपारपर्यंत नाव हवे. एका साक्षीवरून सिद्धान्त होत नाही. दूषित साक्षी कितीही जमवल्या तरी होत नाही.
दोघेही सकाळपासून ओटीवर. उमेदवारी तिसऱ्याला गेली तर चालेल का, विचारले. दोघे एकदमच "नाय" म्हणाले. मग माघार कोण घेणार, विचारले. वंदनाताई बबनकडे पाहू लागल्या, बबन अंगणाकडे.
अध्यक्षांचा फोन आला. उचलला नाही, नाव आता तुम्हीच सांगा म्हणून ओटीवर दोघांच्या मध्ये नेऊन ठेवला व आत येऊन हे लिहीत आहे. थांबून पुन्हा वाजतो आहे.