जे दार कुठेच उघडत नाही, त्याबाबत

प्रति,
मा. अग्निसुरक्षा अधिकारी,
सार्वजनिक सभागृह विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : शनिवारच्या प्रयोगात रंगमंचावरील लाकडी दार जागेवर व बंद ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपण सोमवारी केलेली समक्ष पाहणी. २) आपली मंगळवारची नोटीस. ३) सदर दारावर आपण चिकटवलेला मनाईचा लाल कागद.

महोदय,

मी खाली सही करणारा, नाटक मंडळीचा दिग्दर्शक, सविनय परंतु घाईने अर्ज करतो. घाई अशासाठी की प्रयोग परवा आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे डोळे आता फार दिवस थांबायला तयार नाहीत. तिला उजेड आणि अंधार एवढेच कळते. शनिवारनंतर ती काम थांबवणार आहे. हे तिचे शेवटचे काम आपल्या नोटिशीमुळे अडले आहे.

१. कार्यक्रमात तीन नाटकांतले तीन प्रवेश एकाच दारासमोर होतात. पहिले नाटक समुद्रापलीकडचे, फार प्राचीन, मुखवटे घालून करायचे. त्यात राजा दारातून आत जातो, दार लागते, आतून आरोळी येते आणि राणी बाहेर येऊन झाले ते सांगते. त्या लोकांत खून प्रेक्षकांसमोर करण्याची रीत नव्हती. दुसरे त्याच्यानंतर कित्येक शतकांनी, दुसऱ्याच एका देशाच्या दरबारात रंगलेले प्रहसन. त्यात बायको दारामागे एकामागून एक माणसे लपवते आणि नवरा त्याच दाराला टेकून तिच्या शीलाचे गोडवे गातो. तिसरे आपल्याच भाषेतले, आपल्या काळातले. मुलाने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आहे आणि आई ताट घेऊन बाहेर उभी आहे. दार उघडत नाही. नाटक तिथेच संपते.

पहिल्यात प्रेक्षकाला ऐकू येते पण दिसत नाही, दुसऱ्यात प्रेक्षकाला सगळे माहीत असते आणि नवऱ्याला काही नाही, तिसऱ्यात आईसकट कोणालाच काही कळत नाही. शोकनाट्य काय, प्रहसन काय, सगळे त्या फळीच्या मागे काय आहे यावर चालते. राणी, बायको आणि आई, तिन्ही भूमिका ताई करते. दारामागून येणारी राजाची आरोळी, लपलेल्या यारांतला एक आणि न बोलणारा मुलगा, ही कामे तिचे यजमान करतात. त्यांना मंडळीत दाजी म्हणतात.

२. सोमवारच्या तालमीस आपण तिसऱ्या रांगेत मांडीवर फाइल घेऊन बसलात. पहिल्या प्रवेशात आपण खुर्च्यांमधले अंतर मोजत होतात. दुसऱ्यात आपण हसलात, हे दिवे सांभाळणाऱ्याने पाहिले आहे, नाकारू नये. तिसऱ्यात ताई दारावर तळहात ठेवून म्हणाली, "बाळा, दार उघड. मी काही विचारणार नाही." तिने ते पुन्हा म्हणताच आपण फाइल टाकून उठलात, "मागे व्हा, आत कोण आहे?" असे ओरडत रंगमंचावर चढलात आणि दाराला खांदा दिलात.

दार आत उघडते. आत दाजी पाठ टेकून बसले होते, कारण नाटकातला मुलगा तसाच बसलेला असतो. त्यांचा हात खांद्यातून निखळला. आपण त्यांना उठवलेत, आपल्या रुमालाने हात गळ्यात बांधलात आणि स्वतः दवाखान्यात नेलेत, याबद्दल मंडळी आभारी आहे. परंतु जाताना आपण कोणाकडेही न बघता "हे दार बंद ठेवायचं नाही" एवढेच म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस आली. मला संताप आला, हे नमूद करतो. चाळीस माणसांच्या मेहनतीवर आपण पाणी ओतलेत, असे मी त्या दिवशी सर्वांसमोर म्हणालो.

३. नोटिशीत आपण दोन पर्याय दिले आहेत.

(अ) दार बाहेर उघडणारे करावे, प्रयोगभर सताड उघडे ठेवावे आणि त्यावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' असा हिरवा दिवा लावावा. महोदय, या दारामागे तीन माणसे कशीबशी मावतील एवढी जागा आहे आणि मग विटांची भिंत आहे. उद्या खरोखर आग लागली तर त्या दिव्याच्या भरवशावर लोक भिंतीवर जाऊन आदळतील. शिवाय राजा मरायला निघाला असता त्याच्या मुकुटावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' असा हिरवा उजेड पडला तर लोक हसतील. प्रहसनात दार उघडे राहिले तर लपलेले यार सगळ्यांना दिसतील आणि मग कोणीच हसणार नाही. या एका पर्यायाने दोन्ही प्रकारच्या नाटकांचे वाटोळे होते, हे मी अनुभवाने सांगतो, कारण बुधवारी आम्ही तसे करून पाहिले.

(ब) दार काढून टाकावे व ते 'अभिनयाने दर्शवावे'. ही सूचना अगदीच अडाणी नाही. असे देश आहेत जिथे रंगमंचावर दार नसतेच. नट दोन हातांनी कडी काढतो, पाय उचलून उंबरा ओलांडतो आणि प्रेक्षक तो उंबरा जन्मभर विसरत नाहीत. परंतु त्या नटाला मोकळी जागा दिसत असते. ताईला दार दिसत नाही, लागते. बिजागरी कुरकुरली की आपण कुठे आहोत हे तिला कळते. फळीवर हात टेकला की प्रेक्षक पाठीमागे कुठे बसले आहेत हे कळते. बुधवारी दुपारी दाराविना तालीम केली तेव्हा ती आईचे वाक्य म्हणत पुढे गेली, हात रिकाम्या हवेत गेला, तिने गिरकी घेतली आणि दार शोधत थेट रंगमंचाच्या काठाकडे चालत आली. आम्ही सगळे जागच्या जागी गोठलो. दिवे सांभाळणारा वरून "ताई, थांबा" असे किंचाळला म्हणून ती थांबली. तिच्या चपलेचे टोक काठाबाहेर होते.

मंडळीतले अर्धे लोक आता प्रयोग रद्द करा म्हणतात. त्यांचे काही चुकते असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

४. तालीम मोडल्यावर मी आपल्याविषयी वाटेल ते बोलत होतो. ताई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू त्याला बोलू नकोस. तो ओरडला ना, तो आवाज नाटक बघणाऱ्याचा नव्हता. तो माणूस अशा दारापाशी आधी कधीतरी उभा राहिलाय आणि ते उघडलेलं नाहीये." दाजी म्हणाले, दार आत आल्यावर आपला चेहरा दिसला तेव्हा ते हाताची कळ विसरले. आपल्या नोकरीत कोणकोणती दारे आली असतील याची आम्हांला कल्पना नाही आणि हा अर्ज ती विचारण्यासाठी नाही. मला एवढेच कळले की तिसऱ्या प्रवेशात आपण नाटक मोडले नाहीत, आपल्या कामाचा नियम पाळलात.

५. नोटिशीच्या शेवटच्या कलमात असे आहे की, अपरिहार्य कारणास्तव एखादे दार बंद ठेवल्यास तेथे एक सक्षम व्यक्ती प्रयोगभर नेमावी. दाजींचा हात गळ्यात आहे. दारामागची जागा रिकामी आहे आणि ती कोणामुळे रिकामी झाली हे आपण जाणता. तरी विनंती की, शनिवारी त्या दारामागे आपण स्वतः उभे राहावे.

काम अवघड नाही. पहिल्या प्रवेशात आरोळी द्यायची आहे, सोमवारी आपण ती उत्तम दिलीत. दुसऱ्यात नवरा दार ढकलेल तेव्हा ते दाबून धरायचे आहे. लपणारे इतर दोघे मंडळीतले आहेत, ते आपल्याला सांभाळून घेतील. तिसऱ्यात पाठ टेकून बसायचे आहे आणि काही बोलायचे नाही. ताई दारावर हात ठेवील. आपण आतून हात ठेवावा, म्हणजे फळी किंचित हलते आणि आत माणूस आहे हे तिला कळते. दाजी इतकी वर्षे तेवढेच करत आले.

संहितेप्रमाणे ते दार उघडत नाही. परंतु आपल्याला आत बसून राहवले नाही, तर ते उघडावे. मी हे दिग्दर्शक म्हणून लिहितो आहे आणि शुद्धीवर असताना लिहितो आहे. नाटकाचा शेवट बिघडेल, जाणकार नावे ठेवतील, त्यांना तोंड द्यायला मी आहे. मी ताईला विचारले. ती म्हणाली, "उघडू दे. ताट धरून धरून माझेही हात भरून आलेत."

लाल कागद आम्ही काढलेला नाही. तो आपणच येऊन काढावा.

दारापाशी आपली वाट पाहणारा,
नम्र अर्जदार
(सही)
दिग्दर्शक, नाटक मंडळी
गुरुवार

सोबत :
१) दारामागच्या जागेचा नकाशा, मंडळीतल्या सुताराने काढलेला.
२) आपला रुमाल, धुऊन.
३) दाराची आतली कडी. आज सकाळी ती स्क्रूसकट काढली आहे. यापुढे ते दार फक्त आतल्या माणसाच्या पाठीने बंद राहील.