मोरेश्वराचा मोर होऊ द्या

विश्रांतवाडी, रविवार

चि. श्रीनिवास यास ताईचे आशीर्वाद. सौ. इंग्रिडची तब्येत सुधारत असेल, बाळ तुम्हा दोघांना झोपू देत असेल, आणि मी धाडलेले डिंकाचे लाडू विमानतळावरच्या लोकांनी (दगड समजून) अडवले नसतील, अशी आशा आहे. मी बरी आहे. राग आला की मला नेहमीच बरे वाटते.

मी बाळाचे नाव मोरेश्वर सुचवले, तर तू कळवलेस की तिकडे त्याचे मोर होईल, आणि नॉर्वेत मोर म्हणजे आई (बोलताना मूर म्हणतात म्हणे, लिहिताना मोरच). शाळेत पोरे हसतील. अरे, मी आळंदी रस्त्यावर राहते. इथे ज्ञानोबांना सगळे माउली म्हणतात. त्यांनी कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

तरी चौकशी केली. शेजारची नीरजा खराडीला नोकरीला आहे, तिचा साहेब आयरिश. तिने भर मीटिंगमध्ये विचारले, तर तो म्हणाला, आमच्यात मोर म्हणजे थोर. त्यावर पडद्यावरच्या वेल्सच्या बाई म्हणाल्या, छे, मोर म्हणजे समुद्र. थोराला मौर म्हणतात. दोघांची जुंपली, काम राहिले, आणि नीरजा आता माझ्याशी बोलत नाही. मग कसबा पेठेत श्यामसुंदर जोगांना गाठले (भाषाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, त्यांच्याकडे चहा मिळत नाही, व्युत्पत्ती मिळते). ते म्हणाले, हे सगळे मोर एकमेकांचे कोणी लागत नाहीत. मात्र नॉर्वेचा मोर जुन्या ‘मोदिर’चा झिजून झाला, आणि मोदिर ही आपल्या ‘मातृ’ची चुलत बहीण. आपला मोरसुद्धा ‘मयूर’ झिजूनच झालेला. म्हणजे कुठे थोर, कुठे समुद्र, तुमच्याकडे आई आणि इथे साक्षात गणपती. एवढे एका नावात मिळत असताना तू त्याला ‘ओला’ हे तिकडचे नाव देणार (तान्हेपणी शोभेल, पण वाळल्यावर काय?) आणि मी गप्प बसणार, हे होणे नाही. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि आत्या अजून धडधाकट आहे.

तुझी,
सुनीतीताई

ता. क. : नॉर्वेत आत्याला ‘फास्टर’ म्हणतात, असेही जोग म्हणाले. मला त्यांचा जिना चढताना पाहून म्हणाले असावेत.

पुन्हा ता. क. : बारसे तिकडेच उरकणार, असे इंग्रिडकडून कळले. तसे करू नकोस रे. बाळाला घेऊन ये. नाव ओलाच ठेव, पण त्याच्या कानात ते मला सांगू दे.