आजीच्या आईचे नाव

जव्हार, रविवार, सायंकाळी

धाकट्या मुलाने हौसेने माझ्या लाळेची जनुकीय तपासणी करवली, तिचा अहवाल आला. आईकडून मुलीकडे जाणारा माझ्या आईचा आनुवंशिक धागा अतिप्राचीन असून आशियात दूरवर पसरलेला आहे. पुरुषाला तो मिळतो, पण पुढे देता येत नाही. मला दोन्ही मुलगेच. बहीण अविवाहितच वारली. आईची एकुलती बहीण, पोशेरा गावची मावशी, हिलाही मूलबाळ नाही.

निदान नावे तरी लिहून ठेवावीत, म्हणून आज धाकट्याला घेऊन तिच्याकडे गेलो. आजीचे नाव तिने सांगितले. आजीच्या आईचे?

"आयेच्या आयेला आजी म्हनायचं. नाव कोन घेतंय रं?" मावशी हसली. मग धाकट्याची हनुवटी धरून म्हणाली, "ह्याच्यात हाय ना आमची आये?"

"आहे, मावशी."

इतर रक्तात असेलही. तो धागा मात्र नाही. जन्मभर अचूकतेचा आग्रह धरणारा मी, असे का बोललो?

नाव कोण घेतंय... आजीमागे एकीचेही नाव नाही. दिवेलागणीपासून वाटते आहे, त्या सगळ्या चालत माझ्यापर्यंत आल्या आहेत आणि पुढे कोणाकडे जायचे, हे मलाच विचारत आहेत.