मावशीचा वरचा सूर

मंगळवार, १२ मार्च
मावशीच्या गाण्यांवर संगीत महाविद्यालयात तीन दिवसांचं चर्चासत्र. एरवी मी एका गावात टिकत नाही. इथे खाणं-राहणं फुकट आहे, टिकेन. आल्या आल्या मागच्या खोलीत पियानोचं पोट उघडून बसलेला दुरुस्तीवाला दिसला. तिथेच रमलो. त्याच्याकडे जुना टेपरेकॉर्डरही आहे – बटण पिळलं की गाणं पळतं, उलटं पिळलं की रेंगाळतं.
"तू आलास कशाला?" मावशी.
"गिटार सांभाळायला."
"मग गिटार कुठंय?"
पियानोवाल्याकडे राहिली होती.

बुधवार, १३ मार्च
मावशीच्या पहिल्या कॅसेटवरच्या गाण्यातला तो गाजलेला उंच सूर – त्यावर प्राध्यापक पाऊण तास बोलले. तो सूर म्हणजे बंड आहे म्हणे. मावशी पेन्सिलीने कान खाजवत होती.

मग एका विद्यार्थिनीने ते गाणं कॅसेटच्याच पट्टीत म्हटलं. वर जाताना आवाज फाटला. प्राध्यापक सगळ्यांसमोर – "बाईंनी तुझ्याच वयात लावलाय. उद्या समारोपात लागला नाही, तर गायनाच्या वर्गातून तुझं नाव काढतो."

पोरगी नंतर जिन्यात गरम पाणी पीत बसलेली. घसा पार बसलेला. मी तिला पियानोच्या पोटाबद्दल सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

जेवताना मावशी म्हणाली, "मी तो सूर कधी लावलाच नाही रे. गाणं कॅसेटच्या एका बाजूत मावेना, म्हणून रेकॉर्डिंगवाल्याने टेप पळवली. आवाज आपोआप चढला. लोकांना आवडला, मी गप्प बसले."
"आणि कार्यक्रमात?"
"त्या सुरापाशी आल्यावर माईक लोकांपुढे धरते. लोक गातात."

गुरुवार, १४ मार्च – सकाळ
मावशीने माईकवर सगळं सांगून टाकलं. प्राध्यापक गहिवरले – "केवढा हा विनय!" सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पोरगी तेवढी बसून.
"बघ," मावशी खाली येऊन म्हणाली, "खरं बोलले तर भाव आणखी वाढला."
मी पियानोवाल्याकडे निघालो.

गुरुवार – संध्याकाळ
समारोप. मावशीने तीच कॅसेट मी आणलेल्या पियानोवाल्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून बटण उलटं पिळलं. आवाज उतरला – साधा, कुणाही बाईचा. एकही टाळी नाही. प्राध्यापक बुटांकडे बघत होते. पोरगी जागेवरूनच गायला लागली, टेपच्या सुरात. तो सूर जवळ आला तशी मावशीने सवयीने माईक पुढे धरला. पोरीचा सूर लागला. मग माईक खाली ठेवून मावशी तिच्याबरोबर स्वतः गायली.