सगळे बिंदू रेषेवर

प्रिय ठमाबाई,

फोन असताना आईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तुझं 'छान' येतं. म्हणून लिहितेय, तेही लाल पेनने, कारण दुसरं हाताशी नाही.

समोर नववीच्या प्रयोगवह्यांचा ढीग आहे. प्रयोग तुझ्याच वेळचा: गरम पाणी काचपात्रात ओतायचं, दर मिनिटाला तापमान लिहायचं, मग आलेख काढायचा. वर्षानुवर्षं पाणी थंड होतंय आणि मी वह्या तपासतेय. खांदा भरून येतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, मुलं मात्र तेवढीच लबाड. पाणी निवेपर्यंत थांबायचं कोणी? आधी सुरेख रेषा काढायची आणि मग तिच्यावरून आकडे उतरवायचे, असा सगळा उफराटा कारभार.

अशी वही मला लगेच ओळखू येते. सगळे बिंदू शहाण्यासारखे रेषेवर बसलेले असतात. खरं पाणी असं निवत नाही गं. कुणी खिडकी उघडतं, कुणाचा तापमापक तळाला टेकतो. आज एका मुलीच्या आलेखात बिंदू इकडेतिकडे सांडलेले होते आणि 'त्रुटींची कारणे' या मथळ्याखाली लिहिलं होतं, 'मध्येच मैत्रिणीशी भांडण झाले.' तिला मी सगळ्यांत जास्त गुण दिले. गणिताच्या बाई म्हणाल्या, तुमचं डोकं फिरलंय. फिरलंही असेल.

तूही तशीच होतीस. नोकरीसाठी त्या शहरात गेलीस तेव्हा फोन ठेवायचं नाव नसायचं. चावणारे बूट, घोरणारी मैत्रीण, खडूस साहेब, आणि तुझ्या त्या मित्राशी रोज भांडण, रोज समेट. ऐकून ऐकून माझे कान किटायचे. आता त्या मित्राचा विषयही निघत नाही. जेवलीस का? हो. झोप? छान. काम? मस्त चाललंय. गेल्या उन्हाळ्यापासून दर रविवारी हेच, एकाच आवाजात. बाबा खूश आहेत, म्हणतात पोरगी मार्गाला लागली. मी मान डोलावते आणि रात्रभर कूस बदलत राहते.

ठमे, जन्म गेला माझा वह्या तपासण्यात. तुझा एकही बिंदू मला खरा वाटत नाही.

आधी माझे खरे आकडे देते. मी फार दमलेय. रविवारी तुझा फोन ठेवला की न्हाणीघरात नळ सोडून रडते, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. आता तुझे दे. वाकडेतिकडे, खोडलेले, कसेही चालतील. सांगायला जमत नसेल तर नुसती ये. शनिवारी शाळा सुटली की मी स्टेशनवर येऊन थांबते. या शनिवारी नाही आलीस तर पुढच्या शनिवारी थांबेन. काय झालं ते विचारणार नाही; त्रुटींची कारणे आपण सगळ्यात शेवटी लिहितो.

तुझीच, वाट बघणारी,
आई