गोजरची रविवारची गोळी

६ जानेवारी २००८, रविवार. सकाळी ९.

नवी डायरी. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी वाशिंदच्या कारखान्यातून दरवर्षी येते. माणसाची किंमत मागाहून कळते ती अशी.

यंदाचे संकल्प: रोज लिहिणे. चहा दिवसाला दोनच. गोजरच्या हाडांचा प्रश्न मार्चच्या आत निकाली काढणे.

गोजर म्हणजे आमची मंडळी, वय अठ्ठावन्न. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून हातावर पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडतं का, म्हणून आमची मुरबाडला दिलेली मुलगी नम्रता तिला हट्टाने शहापूरच्या हाडांच्या कॅम्पला घेऊन गेली. मीही गेलो. मशीनमध्ये टाच ठेवली. रिपोर्ट उणे तीन पूर्णांक दोन. मी म्हटलं, उणे आहे म्हणजे रोग कमीच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, हाडं पोकळ झाली आहेत, पुढच्या वेळी मणका मोडेल नाहीतर खुबा.

औषध: आठवड्यातून एकच गोळी. उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. नाहीतर गोळी घशाशी येऊन आतून जाळते.

रविवार ठरवला. जबाबदारी मी घेतली. सोपं आहे.

७ जानेवारी.

गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला कागद निघाला. उलगडला तर टॉवेलाएवढा. इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. भिंग आणलं.

अठ्ठावीस वर्षं स्टोअर्समध्ये काढली. तपासल्याशिवाय एक नटबोल्ट आत घेतला नाही. ही तर बायकोच्या पोटात जायची वस्तू. तपासणी होईपर्यंत माल होल्डवर. गोळ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवल्या.

१३ जानेवारी, रविवार.

अर्धा कागद झाला. आतापर्यंतचे साइड इफेक्ट: अन्ननलिकेत व्रण, पोटदुखी, सांधेदुखी, डोळे लाल. वेगळी वही केली. गोजरला वाचून दाखवलं आणि विचारलं, यातलं तुला काय काय चालेल? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, पोट तर तसंबी दुखतंय, सांधं दुखतातच, मंग मी गोली न घेताच घेतलेली हाय.

बायकांना अशा विषयात गांभीर्य नसतं.

३ फेब्रुवारी, रविवार.

शहापूर स्टँडवर महादू भेटला. आमच्याच कारखान्यात वॉचमन होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, ती गोली नको रे चंदर, किन्हवलीला आमच्या पावण्यांत एका बाईनं गोली खाल्ली, मंग दात काढला, तं जबड्याचं हाडच सडलं. हीच गोळी का, विचारलं. म्हणाला, नाव नाय म्हायीत, पन सफेद होती.

आपलीही सफेद आहे. साइड इफेक्ट नंबर अकरा.

८ फेब्रुवारी.

दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना जबड्याचं विचारलं. म्हणाल्या, हजारांत एखाद्याला, पण दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या, आणि काका, गोळी सुरू केली ना? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

गोजरची एक दाढ हलते. म्हणजे क्रम ठरला: आधी दाढ, मग गोळी. काम पद्धतशीर झालं की बरं वाटतं. संध्याकाळी चहा तीन झाले, पण त्यातला एक स्टँडवर महादूने पाजला होता.

२ मार्च, रविवार.

दाढेचं राहिलं. एका रविवारी सापगावात लग्न, एका रविवारी मला सर्दी, आणि आता महाशिवरात्र आलीच. दातांचा डॉक्टर काही पळून जात नाही.

९ मार्च, रविवार.

गोजरने दाढेला दोरा बांधला, दुसरं टोक गोठ्याच्या दाराला, आणि म्हैस बाहेर काढता काढता दाढही काढली. मला नंतर कळलं. चूळ भरत म्हणाली, झाली तुमची दाढ.

जखम भरायला चार आठवडे धरले. मार्चचं टार्गेट थोडं पुढे गेलं. दोष माझा नाही.

६ एप्रिल, रविवार. गुढीपाडवा.

साडेतीन मुहूर्तांतला एक. आजच पहिली गोळी, असं आठ दिवस आधी ठरवून ठेवलं होतं. अंमलबजावणीची नोंद:

५.४०. गोळी घेतली. मी दारातल्या ओट्यावर घड्याळ घेऊन बसलो.

५.४३. गोजरने विचारलं, आता काय करू? मी सांगितलं, काही नाही, नुसती उभी राहा. तिला ते समजेना. हात कुठे ठेवायचे तेही समजेना.

५.४८. म्हणाली, अवो, गुढी उन्हं यायच्या आत लावाय पायजे, सडा कोन घालील, रांगोळी कोन काढील? मी म्हटलं, वीस मिनिटांनी काय बिघडतं? तिने शेजारी बघितलं. धोंडूबाईच्या दारात रांगोळी झाली होती.

५.५०. गोजर वाकली. मी ओरडलो. वरच्या आळीपर्यंत ऐकू गेलं असणार.

५.५५. सडा झाला. मी सहज म्हटलं, चहाचं काय?

६.०५. चहा.

निष्कर्ष: पेशंटमध्ये शिस्त नाही.

१३ एप्रिल, रविवार.

दुसरी गोळी. आज सण नव्हता, तरी तेच. म्हैस हंबरत होती. गोजरने विचारलं, अर्धा घंटा तुमी झाडता का अंगण, आनि शेण तेवढं वडून घेता का? मी तिला शांतपणे समजावलं की घड्याळ माझ्याकडे आहे. एक माणूस दोन कामं कशी करणार?

बारा मिनिटं उभी राहिली. मग गोठ्यात गेली.

दुपारी छातीत जळजळ. जेवली नाही. कागदात लिहिलं होतं तसंच झालं. साइड इफेक्ट नंबर एक सिद्ध. माल पुन्हा होल्डवर. नशीब, मी वेळेवर पकडलं.

४ मे, रविवार.

नैसर्गिक उपायांचा अभ्यास सुरू. नाचणी, तीळ, दूध. शेजारच्या धोंडूबाईचं उदाहरण घेतलं. ऐंशी वर्षांची, आयुष्यात गोळी नाही, रोज पाणी भरते. गोजरला दाखवलं, बघ. ती म्हणाली, काय बघू? पाठीचा कोयता झालाय तिचा. मान वर करून मानसाचं तोंड बघून तिला किती वरसं झाली, तिलाच इचारा.

नाचणी आणायला सांगितली आहे. कोणाला सांगितली ते आठवत नाही.

१ जून, रविवार.

नम्रता आली. फळीवर गोळ्या तशाच बघून माझ्याशी बोलली नाही, आईशीच बोलली. आत काय बोलणं झालं माहीत नाही. जाताना म्हणाली, आबा, तुमी वही बंद करा नी तिला गोली द्या. मी तिला वही दाखवली. पंधरा नोंदी, तांबड्या शाईने अधोरेखित. तिने हातात घेतली नाही.

शिकलेली पोरगी, पण अभ्यासाची आवड नाही.

१३ जुलै, रविवार.

लावणी जोरात. गोजर सहा वाजता शेतावर. सहापासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकलेली. वाकायचं नाही हा नियम असताना लावणीत गोळी देणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. लावणी आटोपली की नक्की. हे मी तिला सांगितलं तर हसली. तिच्या हसण्यात मला होकार दिसला.

मी छत्री घेऊन बांधावर गेलो होतो. पाय घसरतो, म्हणून परत आलो.

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.

गोजरचा हात फळीवर पोचत नाही. म्हणाली, फली वर गेली का काय? मी टेप लावली. फळी होती तिथेच आहे. सुतारानेच मुळात उंच बसवली असणार. आज स्क्रू काढून चार बोटं खाली घेतली. अडीच तास लागले. प्रॉब्लेम सॉल्व्ह. घरात आपणहून केलेलं काम दिसतं.

हेही म्हणाली की लुगडं जमिनीला घासतं. हल्ली पन्हा मोठा देतात.

२० ऑगस्ट, बुधवार.

सकाळी गोजरने पाण्याचा हंडा उचलला आणि पाठीत कट् असा आवाज झाला. मी ओट्यावर होतो, मला ऐकू आला. हंडा पडला, पाणी माझ्या पायापर्यंत आलं. ती तिथेच बसली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, मोडलं.

जीपने शहापूर. प्रत्येक खड्ड्याला माझा हात दाबत होती. एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी उजेडावर धरून बोट ठेवलं: हा मणका आज दबला. आणि हा, खालचा, आधीच दबलेला आहे, तीन-चार महिने झाले असतील. उंची कमी झालेली लक्षात नाही आली का?

मग विचारलं, गोळ्या किती झाल्या? मी म्हटलं, अभ्यास चालू आहे. त्यांनी कमरेचा पट्टा लिहून दिला आणि पुढचा पेशंट बोलावला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट, रविवार. रात्री ९.

निर्णय झाला. तपासणी पूर्ण, माल ओके. वहीच्या शेवटच्या पानावर सही करून तारीख टाकली.

गोळी आणि पेलाभर पाणी घेऊन गेलो. आधी बसवून बघितलं. पाठीमागे उशी, उशीमागे भाताचं पोतं. दोन मिनिटांत तिचा चेहरा पांढरा पडला. मी पोतं काढून स्वतः मागे बसलो आणि माझ्या छातीला टेकवून धरली. किती हलकी झाली आहे. घड्याळ समोर ठेवलं होतं. सातव्या मिनिटाला म्हणाली, सोडा वो, नाय सोसत. मी म्हटलं, अजून थोडं. अकराव्या मिनिटाला रडली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, मी तिला रडताना फक्त तिची आई गेली तेव्हा पाहिलं होतं.

निजवली. गोळी माझ्या हातातच होती.

नम्रताला फोन केला. तिने डॉक्टरीणबाईंना विचारून परत केला: अर्धा तास बसता येत नसेल तर ही गोळी द्यायचीच नाही.

काय करावं सुचत नाही. सबंध दिवस दारात बसून होतो. वही काढली, पण लिहायला काही नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार.

नम्रता तीन आठवडे इथेच आहे, सगळं तीच बघते. आज तिघं कल्याणला हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. गोजर आता पट्टा लावून थोडं बसते. ते म्हणाले, गोळी सोडा, वर्षातून एकदा सलाईनमधून औषध देऊ. रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, त्या ठीक आहेत.

मी वही उघडली. नवीन औषध म्हणजे तपासणी पहिल्यापासून आली. किडनीचं विचारलं, तापाचं विचारलं, जबड्याचं विचारलं. डॉक्टर एकेकाचं उत्तर देत होते. मी सातव्या मुद्द्यावर आलो तेव्हा गोजरने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, तुमी थांबा, मी इचारते.

जानेवारीपासून पहिल्यांदाच तिने डॉक्टरांना काही विचारलं. म्हणाली, डाक्टर, ही सुई घेतल्यावर अर्धा घंटा उभं रावाय लागतं का?

ते म्हणाले, नाही मावशी, उभं कशाला? पलंगावर झोपूनच घ्यायची. अर्धा तास लागेल.

गोजर म्हणाली, झोपून? अर्धा घंटा? नी तवर कोनी चा मागनार नाय?

डॉक्टर हसले. नम्रता हसली नाही, भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिली. मी वही मिटली. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. अठरा मुद्दे होते आणि हा नव्हता.

गोजर म्हणाली, मंग द्या.

सलाईन लावली आणि पाच मिनिटांत ती झोपली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. उजेडात झोपलेली गोजर मी कधी बघितली नव्हती. बाटली संपली तेव्हा नर्स उठवायला आली. मी म्हटलं, राहू द्या. पण पलंग दुसऱ्याला हवा होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी १०.

नम्रता काल मुरबाडला गेली, तिचंही घर आहे. गोजरला ताप. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, दोन दिवस येईल, घाबरू नका.

पाचला उठलो. अंगण झाडलं, शेण काढलं, पाणी भरलं. म्हशीने दूध दिलं नाही, लाथ दिली. शेवटी धोंडूबाई आली, वाकलेलीच बसली आणि काढून दिलं. मला म्हणाली, बाजूला हो रे. सगळं व्हायला पावणेतीन तास लागले. गोजर हे तासाभरात आटपते. आता तर माझी पाठच सरळ होत नाही. भिंतीला धरून उभा राहिलो, तर ती पलंगावरून माझ्याकडे बघत होती.

मग चहा केला. आयुष्यातला पहिला. तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

तापाने तोंडाची चव जाते. वहीत लिहून ठेवलं, नंबर एकोणीस.